खाली बाप हाय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'आठवणीतलं माणूस' या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असा निरोप आला तेव्हा माझ्या एका मित्राने परस्पर ठरवून टाकलं की मी कुण्या मोठ्या शायराबद्दल किंवा माझ्या मराठीच्या प्राध्यापकांबद्दल बोलणार. कविता करणाऱ्या माणसाकडून तशीच अपेक्षा असते. पण निरोप वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे जे आले त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती. ते अंगठा उठवत. जातीने ढीवर. हातात बळ आलं तेव्हापासून ते अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांनी एकच काम केलं, मासे धरण्याचं. मी त्यांना काका म्हणत असे. आज इथेही काकाच म्हणेन. नाव घेऊन चारचौघांत कौतुक केलेलं त्यांना रुचलं नसतं. अशा वेळी ते उठून तंबाखू मळायला बाहेर जात.

मी गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. माझ्या लहानपणी आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. गोंदियाहून वडशाकडे जाणारी रेल्वे तेव्हा नॅरोगेज होती, आम्ही तिला छोटी गाडी म्हणत असू. त्या गाडीच्या खिडकीत बसलं की दोन गोष्टी सोबतीला असत, धानाची बांधी आणि तलाव. एक तलाव मागे पडला की दुसरा आलाच. आमच्या भागात गावाची खूण तलावावरून सांगतात. मोठा असेल तर तो तलाव, लहान असेल तर बोडी. ज्या गावाला यातलं काहीच नाही, त्या गावात मुलगी द्यायला लोक कचरत.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून मातीचे बांध घातले आणि पाणी अडवलं. नवेगावबांधचा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. दिवसा माणसं राबत आणि रात्री या सात बहिणी येऊन बांधाचं काम पुढे नेत, अशी कथा आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा आमचा मुलूख आहे. नंतर मालगुजारांचा काळ आला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पुढच्या वर्षी तलाव सरकारकडे गेले. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, त्याचं लघुरूप झालं 'मामा तलाव'. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं, हे कुणाच्या तरी मामाने बांधले असावेत.

या व्यवस्थेत तलावाचं पाणी धान पिकवणाऱ्याचं. उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन गुराढोरांची. मासे, शिंगाडे आणि कमळकाकडी ढिवराची. ढिवराच्या नावावर मात्र बहुधा काहीच नसे. काका म्हणत, "बाबू, शेतकऱ्याले सातबारा रायते. आमचा सातबारा पान्यावर लिवला हाय, वारा आला का पुसते."

आमचं घर आणि काकांचं घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. पहाटे कोंबडा आरवण्याआधी त्या भिंतीपलीकडे खोकल्याचा आवाज येई, मग वल्हं खांद्यावर घेतल्याचा. संध्याकाळी लावून ठेवलेलं जाळं काढायला काका निघालेले असत. एका लाकडात कोरलेला त्यांचा डोंगा होता, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा. दिवस वर येईतो ते परतत. मग काकी टोपली डोक्यावर घेऊन निघे. जवळच्या गावांतून फिरे, आठवडी बाजार असेल तर बाजारात बसे. पैसे देऊन मासे घेणारे थोडे, बाकीचे धान देत. संध्याकाळी टोपलीत मासे नसत, ओंजळ-ओंजळ जमवलेलं चार-पाच प्रकारचं धान असे. काकी ते निवडत बसे. चार घरच्या धानाचा भात एकत्र शिजला की काही शितं मऊ आणि काही कडक लागतात. तो भात मी खूप खाल्ला आहे.

मी नऊ वर्षांचा असताना माझे अब्बा गेले. ते गाद्या-रजया भरून देण्याचं काम करत. घरात मी, अम्मी आणि धाकटी बहीण. अम्मी बिड्या वळायला लागली. त्या दिवसांत एका सकाळी अम्मीने दार उघडलं तर उंबऱ्यावर पळसाच्या पानांत बांधलेला पुडा. उघडला तर आत मासे. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. कोण ठेवतं ते सांगायला नको होतं, कुडाच्या भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येतच होता.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मला काका कळले. आमच्या धर्माप्रमाणे कोंबडी-बकऱ्याला जबह करावं लागतं, मासळीला मात्र तशी अट नाही. म्हणून कुणाच्याही हातची मासळी आमच्या घरात निःशंकपणे शिजे. पण आमच्याकडे खेकडा खात नाहीत. काकांच्या जाळ्यात मासे, झिंगे, खेकडे सगळंच येई. आमच्या दारातल्या पुड्यात इतक्या वर्षांत एकदाही खेकडा निघाला नाही. अंधारात, गारठलेल्या बोटांनी, कंदिलाच्या उजेडात हा माणूस आमच्या वाट्यातले खेकडे वेचून बाजूला काढत असे. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही हे ध्यानात घेतलं ते मोठा झाल्यावर. ईदला अम्मी शीरखुर्म्याचा डबा पाठवी. काकी तो डबा रिकामा परत करत नसे, शिंगाडे भरून पाठवी. हिशेब एवढाच.

काकांना एकच मुलगा. तो आणि मी एका वर्गात, एका बाकावर. मुलाच्या बाबतीत काकांचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाला परवानगी नव्हती. पोराने डोंग्यात पाय ठेवायचा नाही. जाळ्याला हात लावायचा नाही. ढिवराच्या घरात हे म्हणजे सुताराने पोराला रंधा न दाखवण्यासारखं. भाऊबंद हसत. "पोराले बालिस्टर बनवते का?" म्हणत. काका म्हणत, "जारा हाती आला त पुस्तक सुटते. दोन्ही हातानं एकच गोष्ट धरता येते."

एका वर्षीची गोष्ट. आम्ही आठवीत होतो. मृगाचा पहिला दणकट पाऊस झाला. ढिवरांसाठी वर्षातले हे सगळ्यात मोलाचे दिवस. तलावात नवं पाणी येतं, सांडव्यावरून, ज्याला आमच्याकडे सलंग म्हणतात, पाणी खळाळत खाली पडतं, आणि मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. अंडी घालण्यासाठी ते नाल्यांतून थेट धानाच्या बांधीत शिरतात. अख्खा मोहल्ला कंदील, टोपल्या, बांबूच्या कामट्यांचे सापळे घेऊन तिथे जमतो. काकांचा मुलगा शाळेचं दप्तर माझ्याकडे देऊन तिकडे पळाला. काकांनी त्याला गुडघाभर पाण्यात मासे पकडताना पाहिलं. मारलं नाही. हाताला धरून तसाच ओल्या कपड्यांनिशी शाळेत आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी काका त्याच्यासोबत शाळेत आले आणि समोरच्या कडुलिंबाखाली बसून राहिले. शाळा सुटेपर्यंत. तिसऱ्या दिवशीही. असे सहा दिवस. आम्ही खिडकीतून पाहत असू, पावसात डोक्यावर पोतं घेऊन बसलेला एक माणूस. त्या सहा दिवसांत बाकीच्या ढिवरांनी वर्षाची बेगमी केली. काकांच्या घरी त्या वर्षी सुकटीचं मडकं अर्धंच भरलं. काकी रागावून दोन दिवस बोलली नाही. पण पोरगा पुन्हा शाळा सोडून गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या कडक माणसाने मला मात्र डोंग्यात कसं घेतलं? कारण रविवारी अम्मी बिड्या द्यायला जाई आणि मी काकांच्या मागे लागे. एकदा मीच विचारलं, "काका, त्याला नेत नाही, मग मला का नेता?" ते वल्हं मारता मारता म्हणाले, "तू पाहून वापस जासीन. थो पाहीन त इथंच राहीन." तेव्हा मला ते समजलं नाही. आज समजतं. स्वतःची विद्या त्यांनी स्वतःच्या मुलापासून लपवली, आणि ती ज्याला बांधून ठेवणार नव्हती अशा शेजारच्या पोराला मोकळ्या हाताने दाखवली.

काय काय दाखवलं! तलावाचं पाणी सगळीकडे सारखं नसतं. मधे खोल, तिथे मोठे रोहू आणि कतला. काठाजवळ पाण्याखाली वाढणारं गवत, त्याच्यावर तरंगणारी पानं, आणि अगदी उथळ जागी पाण्याबाहेर डोकं काढणाऱ्या काड्या. प्रत्येक गवताचं नाव त्यांना ठाऊक, कोणत्या गवतात कोणती मासोळी अंडी घालते, कोणती नुसती चरायला येते, कोणती उन्हाच्या वेळी सावलीला थांबते, हे सगळं ठाऊक. मागूर चिखलात कसा दडतो, वाम कुठल्या बिळात असते, हे ते हाताने पाणी चाचपून सांगत. मासोळीला ते झाडीबोलीत मासोरी म्हणत, तलावाला तरा. बी.ए.ला मराठी घेतल्यावर मी या शब्दांसाठी ग्रंथालयातला शब्दकोश उघडला होता. त्यातले पुष्कळ शब्द मिळाले नाहीत. मला तेव्हा शब्दांचीच कीव आली होती, आज कोशाची येते.

एका श्रावणात पाण्यावर मला लाल काहीतरी हलताना दिसलं. हळदीकुंकवाचं पाणी सांडावं तसा एक लाल-नारिंगी डाग, आणि तो सरकत होता. जवळून पाहिलं तर शेकडो इवली पिल्लं. मी ओरडलो, "काका, जाळं टाका!" त्यांनी वल्हं थांबवलं. हळूच म्हणाले, "नोको. खाली बाप हाय."

ती मरळीची पिल्लं होती. मरळ ही आमच्याकडची सगळ्यात महाग मासळी, जिवंत विकली जाते. ती काठाच्या गवतात जागा साफ करून अंडी घालते. इतर मासे अंडी टाकून निघून जातात, मरळीचं जोडपं थांबतं. नर तर घरट्याजवळून हलत नाही. पिल्लं बाहेर पडली की ती लाल दिसतात, एकत्र पोहतात, आणि त्यांच्या खाली, दिसणार नाही असा, बाप फिरत असतो. कुणी जवळ आलं तर अंगावर धावून येतो. आणि म्हणूनच त्याला पकडणं सोपं. पिल्लांच्या थव्यावर गळ फिरवला की तो झेपावतो आणि अडकतो. मासा नेहमी भुकेने पकडला जातो, मरळ मात्र मायेने पकडली जाते. बाप गेला की तासाभरात ती लाल पिल्लं इतर मासे गिळून टाकतात. काकांनी हे सांगितलं आणि डोंगा दुसरीकडे वळवला. मी नऊ-दहा वर्षांचा बिनबापाचा पोरगा. मी काही बोललो नाही. तेही काही बोलले नाहीत.

मुलगा दहावी चांगल्या गुणांनी पास झाला. नागपूरला तंत्रनिकेतनात नंबर लागला. प्रवेशाची फी, खोलीचं भाडं, खानावळ, पुस्तकं. काकांनी कुणाकडून काही उसनं आणलं, काकीच्या पायातले तोडे गेले. तरी कमी पडत होते. मग एके दिवशी तलावाच्या पारीवर डोंगा दिसेना. काकांनी मुलाला सांगितलं, "सडला होता, बुडाला." तो नागपूरला निघून गेला. मी मात्र बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावच्या तलावावर तो डोंगा पाहिला. टोकाजवळची जळकी खूण मी ओळखत होतो. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुले दिसला ना? आता तुयाच डोऱ्यात राहू दे."

शेतकऱ्याने बैलजोडी विकावी, तसं ते होतं. पुढची तीन वर्षं काकांनी पाण्यात उभं राहून मासे धरले. फेकजाळं घेऊन छातीभर पाण्यात, पौषाच्या थंडीतसुद्धा. डोंग्यातल्या माणसाला जेवढं मिळतं त्याच्या निम्मंही काठावरून मिळत नाही. छातीचा विकार त्यांना तेव्हा जडला तो शेवटपर्यंत गेला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ते माझ्याकडून मनिऑर्डरचा फॉर्म भरून घेत. खालच्या चिठ्ठीत काय लिहू, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "इकडं सगळं बेस हाय म्हून लिव."

पुढे मुलाला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला, मंडईच्या वेळी तो घरी आला तेव्हा सोबत घड्याळ, काकीला लुगडं आणि नवा डोंगा घेण्यासाठी पैसे होते. काका तेव्हा पहिल्यांदा रडताना मी पाहिले. डोंगा त्यांनी घेतला. पण पोराला त्यात बसू दिलं नाही ते नाहीच.

श्रोतेहो, इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पण तेवढीच सांगितली तर मी काकांशी अप्रामाणिक होईन. त्याच काळात तलाव बदलत होता. १९५७ साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पियुषिका ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालवण्याचं तंत्र यशस्वी केलं. कतला, रोहू, मिरगल हे मासे साठलेल्या पाण्यात विणत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. ही अडचण त्या शोधाने दूर झाली. देशभर मत्स्यबीज पोचलं, आमच्या सोसायटीलाही मिळू लागलं, आणि आधी त्याने बरकतच आणली. काका ते कबूल करत. पण पुढे विकाऊ मासाच तेवढा तलावात सोडायचा, बाकीचं सगळं कचरा, अशी समजूत रुजली. गवत खाणारा ग्रास कार्प आला. काठाचं गवत गेलं. शेतातली खतं-औषधं पाण्यात उतरली, गाळ साठला, आणि बेशरमच्या झुडपांनी काठ गिळले. गवत गेलं तिथे मरळीचं घरटं कुठे राहणार? काठावर लाल पिल्लं दिसेनाशी झाली. हे सगळं काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं: "तरा हाय, पन घर नाही रायलं."

पुढे आमच्याच तालुक्यात एक वेगळं काम उभं राहिलं. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांना सोबत घेऊन, तलावांत काय होतं आणि काय गेलं याचा शोध घेतला. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. निमगावच्या शालू कोल्हे यांनी बायकांना या कामात पुढे आणलं. गवत परतलं तसे स्थानिक मासेही परतू लागले. त्याची बातमी मी काकांना वाचून दाखवली. तेव्हा ते थकले होते, ओसरीवरच असत. आधी हसले. "गवत लावा लागते का? आमी त डोंग्याले अडते म्हून उपटत होतो." मग गप्प झाले आणि बोटांवर मोजत गवतांची नावं सांगायला लागले.

आता माझा दोष सांगतो. त्या दिवशी मी शाळेची एक जुनी वही घेतली आणि लिहायला बसलो. सतरा नावं झाली. अंधार पडला. मी म्हणालो, "काका, बाकीचं पुढच्या रविवारी." मी धानाच्या गिरणीत हिशेब लिहितो. हंगाम सुरू झाला, रविवार गेले. मधे एका कविसंमेलनात मी मरळीच्या बापावरची कविता म्हटली, टाळ्या मिळाल्या, आणि ते काकांना सांगायला मात्र वेळ काढला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कवितेत त मासोरी धरलास बाबू. आता कोनती मासोरी कवा अंडी देते थे लिव." मी मान हलवली. लिहिलं नाही. त्या बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आयुष्यात एकदा त्यांनी पिल्लांखालचा बाप पकडला होता. मुलाच्या परीक्षेच्या फीची शेवटची तारीख होती. "लाल लाल पिल्लं डोंग्याच्या आजूबाजूले फिरत होती. मी मांगं पाह्यलं नाही." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या हिवाळ्यात काका गेले. वहीत सतरा नावं राहिली. त्यातल्या पाच नावांची वनस्पती कोणती, हे आज मला ओळखता येत नाही. माझ्याकडे शब्द आहे आणि त्याचं गवत नाही.

मुलगा पुण्याहून आला. दिवस झाल्यानंतर आम्ही दोघं पारीवर जाऊन बसलो. दोघांचेही केस पांढरे. त्याने विचारलं, "एक खरं सांग. तो पहिला डोंगा सडला होता का?" मी काकांना शब्द दिला होता. पण शब्द ज्याला द्यायचा तो माणूस आता नव्हता, आणि विचारणारा त्याचा मुलगा होता. मी सांगितलं. पौषातलं पाणी, मनिऑर्डर, चिठ्ठीतलं 'सगळं बेस हाय', सगळं सांगितलं. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला पोहता येत नाही, माहीत आहे तुला? ढिवराचा पोरगा, आणि मला पोहता येत नाही." आणि थोड्या वेळाने, "त्यांनी मला सगळं दिलं. आपलं तेवढं दिलं नाही."

या दोन वाक्यांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. काकांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. ज्या कामात जमीन नाही, कागद नाही, म्हातारपणाची सोय नाही, ते काम मुलाने करू नये असं बापाला वाटलं तर दोष बापाचा नाही. पण त्या कामातली जाण मात्र अडाण्याची नव्हती. गरिबीतून मुलाला बाहेर काढताना ती जाणही मागे पडली, कारण दोन्ही एकाच जाळ्यात होती. आमच्या भागातल्या किती घरांत हे झालं असेल! ढीवराच्या घरात झालं, तसं विणकराच्या, कुंभाराच्या, माझ्या अब्बांसारख्या पिंजाऱ्याच्या घरातही झालं. कापूस कसा पिंजतात हे मला तरी कुठे येतं?

२०२५ साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी सवयीने कुडाच्या भिंतीकडे पाहिलं. आता तिथे विटांची भिंत आहे. काका असते तर नक्की विचारलं असतं, "मंग बाबू, सातबारा कोनत्या पान्याचा देतीन?" आणि तंबाखू मळायला बाहेर गेले असते.

एक शेवटचं सांगतो आणि आपली रजा घेतो. काकांचा मुलगा आता दर पावसाळ्यात आठ दिवस गावी येतो. आम्ही दोघं ती जुनी वही घेऊन आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या ढिवरांकडे आणि त्यांच्या घरच्या बायांकडे जातो. बायांना पुष्कळ आठवतं, कारण मासे विकताना गिऱ्हाइकाला नावं त्याच सांगत. मुलगा विचारतो, मी लिहितो. सतराच्या आता त्रेचाळीस नोंदी झाल्या आहेत. अनोळखी पाच नावांपैकी दोन गवतं एका आजीने पाण्यात हात घालून काढून दाखवली. गेल्या श्रावणात तिच्याच गावच्या बोडीच्या काठाला आम्हाला पाण्यावर लाल काहीतरी सरकताना दिसलं. मुलाने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. खाली वाकून तो पाण्यात हात घालणार होता.

मी त्याला हळूच सांगितलं, "थांब. खाली बाप हाय."